बिडाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे आणि मी खोटं मोजते. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मागाहून तुम्ही म्हणायला नको की पट्टीने आम्हालाही बनवलं. ज्यांना हे वेळेवर कळलं नाही, त्यांचीच ही हकिगत आहे. पट्टीला तोंड नसतं, मग माझा काय दोष, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं. पण मन काही मानत नाही. लाकडाला मन असतं का, हे तुम्ही विज्ञानाच्या बाईंना विचारा. मी माझ्यापुरतं सांगते.

माझं अंग हळदूच्या लाकडाचं. रंगाने पिवळसर आणि इतकं गुळगुळीत, की पूर्वी कंगवे आणि पट्ट्या याच लाकडाच्या करत. अंबरनाथच्या कारखान्यांच्या वसाहतीत एक ओतशाळा होती. तिथे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पंपाचे भाग तयार होत. बीड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं आणि वाळूत तो आकार उठवायला आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा. हे नमुने करणारे रामभाऊ मिस्त्री मोठे चोखंदळ होते. त्यांनी मला एका तुकड्यातून रंधून काढलं, पटाशीच्या टोकाने एकेक रेघ कोरली, रेघांत काजळी भरली आणि माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं, ‘बिडासाठी’.

आता माझ्या खोटेपणाचं कारण ऐका. तापलेलं बीड साच्यात ओततात तेव्हा ते फुगलेलं असतं आणि थंड होताना आकसतं. किती आकसतं? शंभराला एक. म्हणजे शंभर मिलिमीटरचा भाग हवा असेल, तर लाकडाचा नमुना एकशे एकचा करावा लागतो. दर वेळी ही आकडेमोड कोण करत बसणार? म्हणून मिस्त्री लोक पट्टीच तशी करून ठेवतात. माझ्या अंगावर शेवटचा आकडा सहाशेचा आहे, पण मी खरी आहे सहाशे सहा. माझा प्रत्येक मिलिमीटर नखभर नाही, पण केसभर लठ्ठ आहे. ओतशाळेत माझ्यासारखी खरी पट्टी दुसरी नव्हती. ओतशाळेच्या दाराबाहेर मात्र माझा भरवसा धरू नये.

रामभाऊंच्या हाताखाली धर्मराज भालेराव नावाचे तरुण कारागीर होते. ओतशाळा बंद पडली त्या दिवशी रामभाऊंनी मला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “धर्मा, हिला जप. हिची चाल तुलाच माहीत आहे.” भालेरावांनी मला जपलं. इतकं जपलं, की त्या जपण्यानेच पुढे घात केला. पण तो भाग नंतर येईल.

भालेराव मग बदलापूरच्या एका शाळेत मानधनावर कार्यानुभवाचे शिक्षक झाले. कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातला सगळ्यांत गरीब तास. गणिताचा पाठ उरला की गणिताच्या बाई तो तास मागून नेत, आणि मागून नेलेला तास परत आल्याचं मी कधी पाहिलं नाही. शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती. चार टेबलं, प्रत्येकाला लाकूड आवळून धरायचा एक शिकंजा, भिंतीवर करवती, रंधे आणि पटाशा. या खोलीला मुलं ‘भुशाची खोली’ म्हणत. उन्हाळ्यात तिथे भट्टी पेटे आणि पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात सरांना ओरडून शिकवावं लागे. तरी त्या खोलीत यायला मुलं पळत येत. बाकीच्या वर्गांत जाताना ती कशी जात हेही मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

सर सुतारकाम शिकवत, असं शाळेच्या कागदावर होतं. प्रत्यक्षात ते काय काय शिकवत, ते त्या कागदावर मावलं नसतं. फळीच्या टोकाशी खिळा ठोकला की फळी का फुटते, हे विचारून ते झाडाच्या पोटातल्या नळ्यांपर्यंत पोचत. कापलेल्या ओंडक्याची वलयं मोजायला लावून विचारत, “हे वलय एवढं बारीक का रे? त्या साली काय झालं असेल?” मग मुलं दुष्काळावर बोलत. चौकट काटकोनात आहे की नाही हे बघायला ते कर्ण मोजायला लावत. पायथागोरसचं प्रमेय पाठ न करताच मुलांना ते लागू करता येई. आणि मराठीचा तर त्यांचा एक खास धडा होता. एका गटाने स्टूल करायचं आणि ते कसं केलं हे पाच वाक्यांत लिहायचं. दुसऱ्या गटाने फक्त ती पाच वाक्यं वाचून तसंच स्टूल करायचं. दुसरं स्टूल डुगडुगलं, की सर म्हणत, “कारागीर चांगला आहे. वाक्य वाकडं आहे. वाक्य रंधून आणा.”

माझा धडा वर्षातून एकदाच असे, जुलै महिन्यात, आठवीच्या वर्गाला. मुलं घरून मेणबत्त्यांचे तुकडे आणत. लाकडी नमुना ओल्या वाळूत दाबून साचा करायचा, त्यात मेण ओतायचं आणि ते थंड झालं की मोजायचं. मेण नमुन्यापेक्षा लहान भरे. “कुठे गेलं रे बाकीचं? कुणी खाल्लं?” असं सर विचारत आणि वर्ग हसत असे. मग सर मला कापडी पिशवीतून बाहेर काढत, साध्या पट्टीशेजारी ठेवत आणि दोघींमधला सहा मिलिमीटरचा फरक सगळ्यांना दाखवत. शेकडेवारी, उष्णतेने होणारं प्रसरण आणि कारखान्यातली युक्ती, सगळं एका तासात. तास संपला, की मी पुन्हा पिशवीत आणि पिशवी कपाटात.

आता त्या मुलीबद्दल सांगते. तिचं नाव अस्मिता. राहायला मांजर्लीला, नदीपासून जवळच. आई सरस्वती अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात असे. अस्मिता आठवीत आली तेव्हा गणितात ती इतकी मागे होती, की बाईंनी तिचं नाव घेणंच सोडून दिलं होतं. पाव मोठा की अष्टमांश, असं सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, अष्टमांश, कारण आठ हा चारापेक्षा मोठा. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी लाकडाच्या दोन सारख्या चिपा दिल्या आणि एकीचे चार, दुसरीचे आठ तुकडे करवतीने करायला सांगितले. अस्मिताने तुकडे केले, दोन्ही हातांत एकेक धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “सर, म्हंजे जेवढे जास्त वाटे, तेवढा छोटा तुकडा.”

“बस. हेच पुस्तकात चार पानं आहे.”

तेव्हापासून ती पोर त्या खोलीला चिकटली. वर्षभरात गणितात पास झाली आणि नववीत तर पंचाहत्तर मार्क पडले. सरांनी कपाटाची किल्ली तिच्याकडे दिली. “अस्मिताचं माप म्हणजे माप,” असं ते शिक्षकांच्या खोलीत सांगत आणि बाकीचे शिक्षक चहा पीत मान डोलावत. मलाही तिचा हात आवडे. ती वस्तू ठेवताना आवाज होऊ देत नसे.

फक्त एक गोष्ट झाली होती. आठवीच्या जुलैत, माझ्या धड्याच्या दिवशी, अस्मिता वर्गात नव्हती. नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं होतं आणि ती चार दिवस आईबरोबर घरातला चिखल काढत होती. परत आली तेव्हा सरांनी पुढचा धडा घेतला होता. एका मुलीसाठी मेण पुन्हा कोण वितळवणार? सरांच्या हे लक्षातही राहिलं नाही. चार दिवसांत काय एवढं बुडणार, असं तुम्हीही म्हणाल.

आणि दुसरी गोष्ट, माझ्या जपण्याची. खंडेनवमीला सगळीकडे हत्यारांची पूजा होते. शाळेतही होई. भालेराव सर पूजा करत नसत. त्यांच्या घरी ती रीत नव्हती. पण त्या दिवशी ते सगळी हत्यारं काढून पुसत, तेल लावत आणि पांढऱ्या कापडावर ओळीने मांडत. आणि मधोमध ठेवत मला. त्यांच्या लेखी ती रामभाऊंची आठवण होती. माझा धडा न पाहिलेल्या मुलांना मात्र वाटे, मधोमध आहे त्या अर्थी हीच सगळ्यांत खरी, सगळ्यांत बारीक मापाची असणार. एकदा कुणी विचारलंही होतं, “सर, ही स्पेशल आहे?” सर म्हणाले होते, “हो तर. हिच्यासारखी दुसरी नाही.” खोटं कुठे बोलले ते? आणि दर खंडेनवमीला लावलेलं ते तेल माझ्या पाठीवरच्या अक्षरांत बसत गेलं. वर भुसा, धूळ, पुन्हा तेल. ‘बिडासाठी’ हा शब्द कधी बुजला, ते त्यांना कळलं नाही. मला कळत होतं. पण मी पडले पट्टी.

अस्मिता दहावीत गेली त्या वर्षी संस्थेला नवे सचिव मिळाले. समीर पाटकर. सगळे त्यांना समीरदादा म्हणत. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी भुशाची खोली पाहिली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, “सर, आता हे हाताने कोण करतं? उल्हासनगरला जा, सगळं फर्निचर रेडीमेड. आपल्याला इथे रोबोटिक्स लॅब करायची आहे. कंपनीशी बोलणं चालू आहे.”

मुख्याध्यापिका बाई मध्ये पडल्या. शाळेत नवं वाचनालय होत होतं आणि त्याच्या फळ्या बाकी होत्या. त्या म्हणाल्या, मुलांनाच करू द्या, मग ठरवू. समीरदादांनी मान्य केलं, पण सगळ्यांसमोर बजावलं, “सर, क्लिअर बोलतो. गॅदरिंगच्या दिवशी पाहुणे उद्घाटनाला येणार. तोपर्यंत फळ्या बसल्या पाहिजेत. बसल्या तर खोली तुमची. नाही बसल्या तर जूनपासून लॅब.”

सर परत आले ते नवरदेवासारखे. त्यांनी दहावीच्या मुलांना घेऊन भिंतीलगतचे सागाचे उभे खांब केले आणि त्यांत दोन्ही बाजूंनी आठ आठ मिलिमीटर खोल खाचा पाडल्या. फळीची टोकं त्या खाचांत सरकवायची, एक खिळा नाही की स्क्रू नाही. सरांना खिळ्यांचा राग होता. खाचा इतक्या सुबक झाल्या, की मुख्याध्यापिका बाईंनी त्यांवरून बोट फिरवून पाहिलं. आता दोन खांबांमधलं माप घ्यायचं, त्यात खाचांची खोली मिळवायची आणि उल्हासनगरच्या वखारीतून चौदा फळ्या त्या मापात कापून आणायच्या, एवढंच राहिलं होतं. एवढ्या लांब फळ्या कापायचं यंत्र शाळेत नव्हतं.

आणि सरांना डेंग्यू झाला.

दवाखान्यातून त्यांनी निरोप पाठवला, माप अस्मिता घेईल. वखारवाल्याला मुदत हवी होती, त्यामुळे थांबणं शक्य नव्हतं. अस्मिताने कपाट उघडलं. तिच्याबरोबर सनी होता. तो नववीत उल्हासनगरहून या शाळेत आला होता, त्यामुळे माझा धडा त्यानेही पाहिलेला नव्हता. सनीने खिशातून टेप काढला.

“टेप नको,” अस्मिता म्हणाली. “सर चिडतात. टेपचा आकडा हलतो.”

“अरे तो साधी पट्टी ले ना.”

अस्मिताने साधी पट्टी हातात घेतली, तिचं झिजलेलं टोक पाहिलं आणि खाली ठेवली. मग तिने कापडी पिशवी उचलली. मित्रांनो, तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं ते कसं सांगू? “एवढ्या मोठ्या कामाला सरांची स्पेशलच पाहिजे,” ती म्हणाली. तिने मला आधी ओढणीने पुसलं. दोन खांबांच्या मध्ये मला तीनदा मांडलं, पेन्सिलीने खूण केली, पुन्हा मांडून पडताळलं. हात जराही हलला नाही. वाचताना चूक नाही, लिहिताना चूक नाही, बेरजेत चूक नाही. सरांनी शिकवलेलं सगळं तिने जसंच्या तसं केलं. कागदावर वळणदार अक्षरांत लिहिलं: एक हजार सातशे ब्याऐंशी मिलिमीटर, चौदा नग.

खरं माप अठराशे होतं.

फळ्या आल्या. वाचनालयाला रंग लागत होता, म्हणून दाराला कुलूप होतं. मुलांनी फळ्या भुशाच्या खोलीतच घासल्या, कडा गोल केल्या, तीन हात पॉलिश दिलं. सर बरे होऊन आले, पण गालफडं बसलेली. स्टुलावर बसून काम बघत. मापाचा कागद त्यांनी पाहिला. “सतराशे ब्याऐंशी? मला वाटलं होतं अठराशेच्या आसपास असेल,” ते पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, “गवंडी कुठे मापात बांधतात! भिंत आत आली असेल.” आणि कागद घडी करून खिशात ठेवला. शेजारीच टेप पडला होता. एक फळी मोजायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. पण अस्मिताचं माप मोजायचं म्हणजे तिचा अपमान, असं त्यांना वाटलं असावं.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी दुपारी वाचनालयाचं कुलूप काढलं. समीरदादा फोटो काढायला आले होते. सनीने आणि आणखी एकाने पहिली फळी उचलली, डावं टोक खाचेत घातलं आणि उजवं टोक खाली सोडलं. ते खाचेपर्यंत पोचलंच नाही. फळी दोन खांबांच्या मधून सरळ खाली आली आणि फरशीवर आपटली. दुसरी फळी. तीही तशीच. सनी म्हणाला, “सर, ये तो बैठ ही नहीं रही. सगळ्याच छोट्या आहेत.”

सर उठले. त्यांनी खाचेपासून खाचेपर्यंत आणि मग फळीवर टेप लावला. टेप लावला हे बघून मुलं एकमेकांकडे बघू लागली. “अठरा कमी,” ते म्हणाले. आणि म्हणता म्हणताच थांबले. अठराशेला अठरा. शंभराला एक. उमेदीची सगळी वर्षं ज्याने बीड आकसताना पाहिलं, त्याला आणखी काय सांगावं लागतं? त्यांनी अस्मिताकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, रागाने नाही. तिला काहीच कळलेलं नव्हतं. ती पडलेल्या फळीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात बेरीज पुन्हा करत होती.

“माप कोणी घेतलं होतं?” समीरदादांनी विचारलं.

अस्मिताने तोंड उघडलं.

“मी,” भालेराव सर म्हणाले.

“पण तुम्ही तर ॲडमिट होतात ना?”

“आधीच घेऊन ठेवलं होतं. चुकलं माझं.”

अस्मिताचं तोंड उघडंच राहिलं आणि मग मिटलं. सनीने तिच्याकडे पाहिलं आणि पडलेली फळी उचलायला वाकला. खोलीत दहा-बारा मुलं होती. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

सर म्हणाले, “दोन आठवडे द्या. टोकांना पट्ट्या जोडतो. सांधा दिसणारसुद्धा नाही. सुतारकामात अशी दुरुस्ती करतात, मुलांना तेही शिकता येईल.”

“सर, पाहुणे उद्या येणारेत,” समीरदादा म्हणाले. “चाळीस वर्षांचा अनुभव आणि माप घेता येत नाही? मग पोरांना काय शिकवता?” ते ओरडून बोलले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. संध्याकाळी उल्हासनगरहून टेम्पो आला आणि तयार लोखंडी रॅक उतरले. दुसऱ्या दिवशी फीत कापली, टाळ्या वाजल्या. चौदा फळ्या जिन्याखाली उभ्या करून ठेवल्या गेल्या.

त्याच संध्याकाळी अस्मिता भुशाच्या खोलीत आली. तिने मला पिशवीतून काढलं आणि शेजारी सनीचा टेप उलगडला. सहाशेच्या जागी सहाशे सहा. तिने पुन्हा मोजलं. मग मला उलटं केलं. माझ्या पाठीवर काहीतरी असल्यासारखं तिला वाटलं, म्हणून तिने नखाने तेलकट मळ खरवडला. ‘बि’ दिसलं, मग ‘डा’. मित्रांनो, इतकी वर्षं मी वाट पाहत होते की कुणीतरी माझी पाठ वाचावी. शेवटी वाचली ती तिने, आणि तेव्हा वाचून काही उपयोग नव्हता. तिने मला ओढणीत गुंडाळलं आणि घरी नेलं. पुन्हा कुणी फसू नये म्हणून, की कुणाला कळू नये म्हणून, हे तिला तरी सांगता आलं असतं का कोण जाणे. तेव्हापासून मी मांजर्लीच्या त्या घरात, लोखंडी कपाटाच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. खोली गेली. करवती आणि रंधे भंगारात गेले. सनी सांगत होता की रोबोटिक्सची खोकी आली, एक शिक्षक दोन महिने आला आणि मग यायचा थांबला. अस्मिता दहावी पास झाली, पण गणितात काठावर. पेपर येत नव्हता असं नाही. सनीला ती म्हणाली, “उत्तर आलं तरी खरं वाटत नाही. लिहायला हातच होत नाही.” अकरावीला तिने गणित घेतलं नाही.

त्याआधी, परीक्षा संपल्यावर मे महिन्यात एका सकाळी, भालेराव सर घरी आले होते. सरस्वतीबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि आत डोकावून म्हणाल्या, “अस्मिता, सर आलेत बघ तुझे.” अस्मिता आतल्या पडद्यामागे उभी होती. तिने हाताने खूण केली, मी नाही म्हणून सांग. त्या एवढ्याशा घरात नाही म्हणून सांगणार तरी कसं? तरी आईने सांगितलं, “बाहेर गेलीय वाटतं, सर.”

सरांनी समोर आलेला चहा हातात घेतला. मग पडद्याकडे न बघता म्हणाले, “तिला सांगा, आठवीत तिचा एक धडा बुडाला होता. तो मी पुन्हा घ्यायला हवा होता. चूक माझीच होती, मी काही खोटं सांगितलं नाही. ती पट्टी तिच्याकडे आहे, मला माहीत आहे. असू दे. आणि म्हणावं, घरी ये. माझ्याकडे चार हत्यारं आहेत अजून, शिकवीन.”

अस्मिता कपाटाला टेकून उभी होती. मी मागेच होते. तिने कपाटाची कड धरून ठेवली होती. एक पाऊल टाकलं असतं तर पडदा बाजूला झाला असता. सरांनी चहा संपवला. दाराशी ते चपला घालू लागले. चपला घालायला माणसाला किती वेळ लागतो? त्यांना फार वेळ लागला. मग ते गेले.

दिवाळीनंतर अस्मिता एक दिवस उठली, मला कागदासकट पिशवीत घातलं आणि कुळगावात सरांच्या खोलीवर गेली. वाटभर ती तोंडातल्या तोंडात एकच वाक्य म्हणत होती. सरांच्या सवयीप्रमाणे तिने ते वाक्य रंधून रंधून लहान केलं होतं. दार एका अनोळखी बाईने उघडलं. सर महिन्यापूर्वीच खोली सोडून गेले होते. कुठे गेले ते शेजारपाजारी कुणाला माहीत नव्हतं आणि फोन बंद होता.

म्हणून मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी काळजी फार झाली. ज्याला खरं सांगायचं आहे, तो माणूस तुमच्या घरात खुर्चीवर बसलेला असेल तेव्हा पडद्यामागे उभे राहू नका. बाहेर या. बोलायला जमलं नाही तर नुसते समोर उभे राहा. नंतर ते बोलणं कितीही चोख केलंत, तरी ते कुणाला सांगणार?

अस्मिता त्या दारातून हलेना. शेवटी ती त्या अनोळखी बाईला म्हणाली, “माप मी घेतलं होतं.”

“कसलं माप गं?” बाईने विचारलं, आणि थोडा वेळ वाट पाहून दार लावून घेतलं.